नावं ठेवणाऱ्या बच्छाव बाई

प्रिय अन्वी आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर अन्वी तिच्या कॉलेजातल्या एका नव्या विषयाबद्दल सांगत होती. मुलांनी गावातल्या एखाद्या गरीब वस्तीत जाऊन काम करायचं, त्याचे मार्क मिळतात, आणि शेवटी त्या कामाने वस्तीचं काही भलं झालं का, यावर निबंध लिहून द्यायचा. "पण ते कळणार कसं?" असं अन्वीने तिच्या आईला विचारलं. तुमची आई, म्हणजे माझी मुक्ता, स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे बच्छाव बाईंना विचारायला हवं होतं."

तुमच्या फोनचा स्पीकर चालू होता. मी इथे इंदिरानगरच्या घरात, फोन कानाला लावून सगळं ऐकत होते.

तर मुलांनो, आमच्या कॉलेजची श्रमदानाची शिबिरं पुष्कळ वर्षं माझ्याकडे होती. गावाशी बोलणं, मुलांची नावनोंदणी, विद्यापीठाला पाठवायचा इंग्रजी अहवाल, सगळं माझ्याकडे. बच्छाव बाई मदतनीस होत्या, म्हणजे कागदावर मदतनीस. त्या आता या जगात नाहीत, तेव्हा त्यांना विचारता येणार नाही. मला विचारता येतं, पण मला कोणी विचारलं नाही. म्हणून न विचारता लिहिते आहे. मुक्ता वाचून दाखवेल तेव्हा स्वतःबद्दलची वाक्यं गाळेल. ईशानने तिच्या शेजारी बसून कागदावर लक्ष ठेवावं.

विमल बच्छाव मूळच्या सटाण्याच्या. त्या अर्थशास्त्र शिकवायच्या, मी इंग्रजी. वयाने आम्ही बरोबरीच्या. पण मला सगळे 'मॅडम' म्हणत आणि त्यांना 'बाई'. हे कोणी ठरवलं, मला कधी कळलं नाही. एकदा वर्गात मी सहज म्हणून सांगितलं, की मलाही बाई म्हटलं तरी चालेल. मुलं एका सुरात म्हणाली, "हो मॅडम."

बाई बुटक्या होत्या, आवाज खणखणीत. सुती पातळ नेहमी थोडं वर खोचलेलं, जणू पुढच्या वळणावर चिखल लागणार आहे. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत घरच्या शेतातले कांदे. ते कांदे त्या स्टाफरूममध्ये वाटायच्या आणि मग बिनदिक्कत दुसऱ्यांच्या डब्यांत हात घालायच्या. घास तोंडात गेला की निकाल. "कुलकर्णी सर, वहिनींना म्हणावं, मेथी निवडताना काड्या राहिल्यात." "मॅडम, तुमची भाजी चांगली शे, पण भिऊन भिऊन केलीय. मिरचीला हात लावायला काय झालं?" रंगात आल्या की त्यांच्या बोलण्यात सटाण्याकडचं 'शे' यायचं.

दुसरं कोणी असं बोललं असतं तर लोकांनी डबे झाकले असते. इथे उलटं व्हायचं. मधली सुट्टी झाली की जो तो आपला डबा आधी बाईंच्या पुढे सरकवायचा. कुलकर्णी सर तर घरी जाऊन सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचे. मी त्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं प्रत्येकाच्या पदार्थाला छान म्हटलं होतं. माझ्यापुढे कोणी डबा सरकवला नाही.

याचं त्यांचं एक गणित होतं. त्या म्हणायच्या, "लोक चांगलं चांगलं म्हणतात ना, तोवर माणूस ओट्यावर बसलेला असतो. नावं ठेवायला लागला की समजायचं, चुलीपाशी आला."

हे त्या स्वतःलाही लावायच्या. वर्षाच्या शेवटच्या तासाला त्या मागच्या बाकावर जाऊन बसत आणि मुलांना सांगत, आता तुमच्यापैकी कोणीतरी मी होऊन शिकवा. एका वर्षी एका मुलाने ओढणी खोचून, खडू कानावर ठेवून, मागणी आणि पुरवठ्यामध्ये तीनदा सटाण्याचे कांदे आणले. मी शेजारच्या वर्गात शिकवत होते. हसण्याने माझा तास बुडाला. सगळ्यांत मोठं हसू बाईंचं होतं. ते हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "खडू कानावर ठेवते मी? कोणी सांगितलं कसं नाही?" आणि पुढच्या वर्षापासून खडू खरंच टेबलावर राहिला.

माझी नक्कल कोणी केली नाही. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

मुक्ता आमच्याच कॉलेजात होती. घरी मी शिकवलेल्या कवितांबद्दल ती एक अक्षर बोलायची नाही, पण जेवताना "बाई म्हणाल्या" असं सुरू झालं की ताट वाळून जायचं. एकदा तिने माझ्या आमटीला नावं ठेवली. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, मी चुलीपाशी आलेय." तुमचे आजोबा हसले. मी वाटी उचलून आत नेली.

आता शिबिराचं सांगते. हे नव्वदच्या दशकातलं.

हरसूलच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे. भात आणि नागलीची शेती, आणि कापणी झाली की निम्मी घरं द्राक्षाच्या बागांवर मजुरीला उतरतात. थंडीत आमची मुलं तिथल्या शाळेत मुक्कामाला जायची. पाड्याच्या वरच्या अंगाला एक झरा होता. दगडांमधून पाणी यायचं आणि वाळूच्या खळग्यात साचायचं. बायका वाटीने भरून हंड्यात घ्यायच्या, पाणी गढूळ व्हायचं, गुरं तिथेच तोंड घालायची. आम्ही ठरवलं, झऱ्याला सिमेंटचा पक्का हौद बांधायचा. सरपंच हो म्हणाले, ओळखीच्या इंजिनियरने नकाशा दिला. मुलांनी वाळू वाहिली, मुक्ताच्या हातांना सिमेंटने चिरा पडल्या. हौद सुरेख झाला. पुढच्या भिंतीवर निळ्या रंगात कॉलेजचं नाव आलं.

पुढच्या वर्षी विद्यापीठाने कळवलं, की कामाचा गावावर काय परिणाम झाला ते मोजून पाठवा. मला ही कल्पना फार आवडली. मी प्रश्नावली तयार केली, सोप्या मराठीत, आणि स्वतः घरोघरी गेले. हौदाचा उपयोग होतो का? होतो. पाणी स्वच्छ मिळतं का? मिळतं. मुलांचं वागणं कसं होतं? चांगलं. पुन्हा शिबिर व्हावं असं वाटतं का? व्हावं. प्रत्येक घरात बिनदुधाचा चहा पाजला आणि प्रत्येक घराने चांगलं म्हटलं. येताना मी हौद पाहायला गेले. त्याच्या कठड्यावर नागलीचे पापड वाळत होते. मी अहवालात लिहिलं, की महिलांना वाळवणासाठी स्वच्छ जागा मिळाली, हा योजनेत नसलेला जादाचा फायदा.

अहवालाचं कौतुक झालं. आमच्या विभागातलं उत्तम काम म्हणून हौदाचं नाव पुढे गेलं आणि विद्यापीठाची समिती तो प्रत्यक्ष पाहायला येणार असं ठरलं. प्राचार्यांनी माझा शिक्षकांच्या सभेत उल्लेख केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, आणि मग अहवाल मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "मॅडम, इंग्रजी एकदम झकास. पण एका घरानेही नाव ठेवलं नाही?"

"नाही."

"पोरं आठ-दहा दिवस राहिली, गात होती, धिंगाणा घालत होती, आणि एकाही बाईला काही खटकलं नाही?"

"बाई, लोक समाधानी असू शकतात."

"असतील. पण तुम्ही त्यांच्या दारात उभ्या राहून विचारलंत. दारात आलेल्या पाहुण्याला कोण सांगेल, की बाई गं, तू मागच्या खेपेला आणलेला खाऊ नासका होता?" मग म्हणाल्या, "त्यांना आपल्याकडे बोलवू. आपण जेवलो ना त्यांच्याकडे? परतीचं जेवण राहिलंय."

"कॉलेजात?"

"कॉलेजात सतरंजीवर बसून त्या पुन्हा चांगलं म्हणतील. घर पाहिजे. तुमचं मोठं आहे."

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. समिती येण्याच्या आधीच्या आठवड्यात पाड्यावरच्या पाच-सहा बायका आमच्या घरी जेवायला आल्या. त्यात चांगुणा होती, जिच्या घरातून शिबिराला नागलीच्या भाकरी यायच्या. वयस्कर, कृश, डोळे मिस्कील. मी पहाटेपासून राबत होते. वरण-भात, पोळ्या, दोन भाज्या, शिरा. पाट मांडले, रांगोळी काढली. बायका अंग चोरून बसल्या. मी विचारलं, "कसं झालंय?" सगळ्या म्हणाल्या, "चांगलं."

बच्छाव बाई वाढत होत्या. हातात वरणाचं पातेलं घेऊन त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बघा बायांनो. आज तुम्ही मुलाकडच्या. या मॅडम मुलीकडच्या. विहिणींनी नावं ठेवल्याशिवाय पंगत उठत नाही, तुमच्याकडेही नाही आणि आमच्याकडेही नाही. आणि मुलीकडच्यांनी ऐकून घ्यायचं, तोंड वाकडं करायचं नाही."

बायका पदराआड हसल्या. मग चांगुणाने वाटीतलं वरण बोटाने ढवळलं आणि हळूच म्हणाली, "विहीणबाई, या वरनात डाळ बुडाली का वाहून गेली?"

जो हशा झाला, तो शेजारच्या घरी ऐकू गेला असेल. मग बांध फुटला. पोळ्या इतक्या पातळ, की भाकरीवाल्या माणसाला रात्री उठून पुन्हा जेवावं लागेल. शिऱ्यात साखर घालताना विहीणबाईंचा हात मोडला होता. पाट नवऱ्यामुलाच्या मापाचे, विहिणींनी बसायचं कुठे? मी हसत होते, निदान ओठ हसण्याच्या आकारात ठेवले होते. माझं घर, माझी रांगोळी, माझं वरण, आणि त्या सगळ्या जणी वर बघत होत्या त्या बाईंकडे.

"आणि आमची पोरं?" बाईंनी विचारलं. "पोरं आलेली ना तुमच्याकडं."

"लय गात्यात," एक जण म्हणाली. "कोंबड्या बी झोपल्या नाय."

"पोरींनी घरात शेण सारवून दिलं. अर्धं भिताडावर."

"आणि हौद?"

हसणं तिथेच थांबलं. बायकांनी ताटात पाहिलं. मुक्ता भाजीचं भांडं घेऊन दारात उभी होती. बाईंनी चांगुणाच्या वाटीत आणखी थोडं वरण वाढलं.

चांगुणा म्हणाली, "पानी रुसलं, बाई."

"म्हणजे?"

"झऱ्याचं तोंड उन्हाळ्यात वाळूनं बुजतं. आमी हातानं उकरतो, मग ते चालतं. आता सिमीट घातलं. उकरायचं कुठं? ते रुसून खाली गेलं, पार ओहोळात निघतंय. तिथनं आनतो."

"हौदात पाणीच नाही?" मी विचारलं.

"पावसाचं ऱ्हातं थोडं," चांगुणा म्हणाली. आणि माझा चेहरा पाहून, मला बरं वाटावं म्हणून, "पापड मातर झाक वाळत्यात."

मुक्ता रडकुंडीला आली. "मावशी, मग आम्हाला तेव्हाच सांगितलं का नाही? मॅडम... आई विचारायला आली होती ना?"

"पाव्हण्याला काय सांगायचं, पोरी? तुझ्या हाताला रगत आलेलं बघितलं व्हतं मी."

एक तरणी बाई म्हणाली, की तिचा नवरा हौद फोडायला निघाला होता. चांगुणाने अडवलं. दुसऱ्याच्या लेकरांनी हाताने बांधलेलं आपण कसं मोडायचं, भिंतीवर त्यांचं नाव आहे. तेव्हापासून पाड्यातल्या बायका चढ उतरून ओहोळातून पाणी आणत होत्या, आमचा मान राखायला.

बच्छाव बाईंनी पातेलं खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समिती पुढच्या आठवड्यात येणार होती. त्यांचा श्वास आत गेलेला मला दिसला. त्या आता 'फोडू या' म्हणणार, सगळ्या बायका त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहणार, आणि मुक्ताही. ते मला सहन होणार नव्हतं. म्हणून त्यांच्या आधी मी बोलले. "फोडायचा. रविवारी मुलांना घेऊन येते."

बाईंनी आत घेतलेला श्वास सोडला. मग हसून म्हणाल्या, "विहीणबाई शहाणी शे."

तो रविवार माझ्या चांगला लक्षात आहे. ज्या मुलांनी हौद बांधला त्यांनीच पहारी घातल्या. मुक्ता कॉलेजच्या नावाची भिंत फोडत होती आणि बच्छाव बाई खाली बसून बायकांबरोबर हातांनी वाळू उकरत होत्या. मी छत्री घेऊन उभी होते. एक म्हातारा काठी टेकत आला आणि मला म्हणाला, "बरं झालं, बाईंनी फोडायला लावला." मी त्याला दुरुस्त केलं नाही. समितीला मी जे होतं ते दाखवलं: सिमेंटचे तुकडे आणि ओली वाळू. मान दुसऱ्या कॉलेजला गेला. पाणी त्या उन्हाळ्यात आलं नाही. पुढच्या थंडीत आलं.

त्यानंतर आमच्या कॉलेजात एक रीत पडली. शिबिर संपलं, की काही महिन्यांनी गावातल्या बायकांना कोणाच्यातरी घरी जेवायला बोलवायचं, त्यांना विहिणी म्हणायचं आणि नावं ठेवून घ्यायची. बाकीची कॉलेजं चौकशी करू लागली. चौकशीची पत्रं बच्छाव बाईंच्या नावाने यायची. त्यांची इंग्रजी उत्तरं मी लिहायची. बाई सही करायच्या आणि म्हणायच्या, "मॅडम, उत्तर झकास. एक तरी चूक ठेवत जा, माझं वाटायला पाहिजे."

अन्वी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे ते एवढंच. त्या लोकांना तुमच्या घरी जेवायला बोलवा, आणि जेवण जरा बिघडू द्या.

बाई दोन हजारनंतर निवृत्त होऊन सटाण्याला गेल्या. मुक्ताचं लग्न झालं, ती तिकडे गेली. अन्वीच्या जन्मानंतर ती पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिने हट्ट धरला, की मुलीला पाड्यावर न्यायचं. आणि बाईंनाही बोलवायचं. अर्थातच बाईंनाही. त्या सटाण्याहून एसटीने आल्या. थकल्या होत्या, पिशवी आता दोन्ही हातांनी धरत होत्या, पण त्यात कांदे होते.

चांगुणाच्या घरी जेवण होतं. सुनेने वाढलं. चांगुणाला आता दिसायचं कमी, तिने वाटीत बोट घातलं आणि सुनेला म्हणाली, "आज मॅडमचं वरन केलंस का?"

सून जीभ चावून माझ्याकडे बघू लागली. मी विचारलं, "म्हणजे काय?"

बच्छाव बाईंना हसू आवरेना. त्यांनी सांगितलं, की पाड्यात पातळ वरणाला आता मॅडमचं वरण म्हणतात. लग्नांत म्हणतात, शाळेच्या खिचडीला म्हणतात. ज्यांनी मला कधी पाहिलं नाही ती पोरंही म्हणतात. आणि मुक्ता, जी इतकी वर्षं गप्प होती, ती म्हणाली, "आई, कॉलेजात तुझी नक्कल तर सगळेच करायचे. तुला सांगायची कोणाची हिंमत नव्हती."

संध्याकाळी आम्ही बाईंना हरसूलच्या स्टँडवर सोडायला गेलो. बाजाराचा दिवस होता, गाडी भरलेली. मुक्ता अन्वीला घेऊन खाऊ घ्यायला गेली आणि आम्ही दोघीच उभ्या राहिलो.

बाई म्हणाल्या, "मॅडम, मी एवढ्या खेपा घातल्या या पाड्यावर. सगळ्यांना नावं ठेवली, ठेवायला लावली. माझ्या नावाचं तिथं काय आहे सांगा?"

"सगळे तुमचंच नाव घेतात."

"मी असेन तोवर घेतील. तुमचं वरण झालं. ते पोरांच्या तोंडी गेलं." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "खरं सांगू? जळते मी."

इतकी वर्षं ते वाक्य माझं होतं.

गाडी सुरू झाली. बाईंना खिडकीशी जागा मिळाली होती. शेजारच्या बाईने फडक्यातली भाकरी सोडली होती. गाडी वळणाला लागली तेव्हा मला दिसलं ते असं: बच्छाव बाईंनी न विचारता त्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, डोळे बारीक करून चव घेतली, आणि शेजारणीला काहीतरी सुनावलं. शेजारीण हसत हसत फडकं त्यांच्याकडे सरकवत होती.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

कॉलेजात ती पंगत अजून होते, तिला आता कम्युनिटी फीडबॅक मीट म्हणतात आणि जेवण केटररकडून येतं. झऱ्याचं तोंड बायका दर उन्हाळ्यात हातांनी उकरतात आणि पाणी येतं. पातळ वरणाला त्या पाड्यात अजून मॅडमचं वरण म्हणतात.

तुमची,
आजी